विनी कूपरनंतरची डॅनिका मॅककेलर

डॅनिका मॅककेलर यांचा जन्म ३ जानेवारी १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील ला होया येथे झाला. पुढे कुटुंब लॉस एंजेलिसला राहायला गेले आणि डॅनिका व तिची धाकटी बहीण क्रिस्टल या दोघी अभिनयाचे वर्ग, जाहिराती आणि निवडचाचण्या या त्या शहरातल्या नेहमीच्या वाटेला लागल्या. १९८०च्या दशकात नव्याने सुरू झालेल्या ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेच्या काही भागांत डॅनिकाला छोट्या भूमिका मिळाल्या. त्यात पुढच्या यशाची चाहूल लागावी असे फारसे काही नव्हते.

१९८७ साली ‘द वंडर इयर्स’ या नव्या मालिकेसाठी ‘विनी कूपर’ या मुलीचा शोध सुरू होता. अखेरच्या फेरीत दोन्ही बहिणी समोरासमोर आल्या आणि थोडक्या फरकाने डॅनिकाची निवड झाली. निर्मात्यांनी क्रिस्टललाही वाऱ्यावर सोडले नाही. नायकाशी पंगा घेणाऱ्या बेकी स्लेटरची भूमिका नंतर तिला मिळाली. सुरुवातीला विनी ही पहिल्या भागापुरतीच होती, पण तो भाग पाहिल्यावर तिला कायम ठेवण्याचे ठरले.

नील मार्लेन्स आणि कॅरल ब्लॅक यांनी निर्माण केलेली ही मालिका ३१ जानेवारी १९८८ रोजी एबीसी वाहिनीवर सुपर बोलच्या सामन्यानंतर सुरू झाली. त्या रात्री अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग टीव्हीसमोर बसलेला असतो, त्यामुळे मालिकेला पहिल्याच दिवशी घराघरांत प्रवेश मिळाला. काळ १९६८ ते १९७३ चा, ठिकाण एक निनावी उपनगर. केव्हिन अरनॉल्ड हा मुलगा (फ्रेड सॅव्हेज) आपले वाढते वय जगतो आणि मोठेपणीचा केव्हिन (डॅनियल स्टर्नचा आवाज) त्या आठवणी निवेदनातून सांगतो. शेजारची विनी हे त्याचे पहिले प्रेम. पहिल्याच भागात विनीचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धात मारला जातो आणि तिला धीर देताना केव्हिन तिचे चुंबन घेतो. दोन्ही बालकलाकारांच्या आयुष्यातलेही ते पहिलेच चुंबन होते. घरगुती विनोदी मालिकेची सुरुवात एका तरुण सैनिकाच्या मृत्यूने करणे हे धाडसच होते. जेमतेम सहा भाग दाखवून झालेल्या या मालिकेला त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचे एमी पारितोषिक मिळाले.

विनीचे पात्र मात्र एका मर्यादेत अडकलेले होते. ती केव्हिनच्या आठवणीतून दिसते, म्हणून तिच्या मनात काय चालले आहे हे प्रेक्षकाला सहसा तोच सांगतो. भाऊ गमावलेली, घर विस्कटत चाललेली, आईवडिलांमधला दुरावा पाहणारी ही मुलगी डॅनिकाने फार कमी शब्दांत उभी केली. चेहरा स्थिर आणि आवाज खालच्या पट्टीत ठेवून ती संवादांपेक्षा थांब्यांवर भर देई. बालकलाकारांकडून त्या काळी चुरचुरीत टोले मारण्याची अपेक्षा असे, तिथे हा संयम उठून दिसला. सहा हंगाम आणि ११५ भागांनंतर मे १९९३ मध्ये मालिका संपली. शेवटच्या भागात केव्हिन आणि विनी यांचे लग्न होत नाही. ती कलेतिहास शिकायला पॅरिसला जाते आणि ती परतते तेव्हा केव्हिन बायको-मुलाला घेऊन तिच्या स्वागताला येतो. पुष्कळ प्रेक्षकांना ही गोष्ट रुचली नाही, पण मालिकेच्या स्वभावाला तोच शेवट शोभणारा होता.

बालकलाकारांच्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव तोवर फारसा सुखाचा नव्हता. मूकपटांच्या काळात लाखो डॉलर मिळवलेल्या जॅकी कूगनला सज्ञान झाल्यावर आपल्याच पैशांसाठी आईविरुद्ध न्यायालयात जावे लागले. त्यातूनच १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘कूगन कायदा’ आला. तरीही ‘डिफरंट स्ट्रोक्स’मधल्या गॅरी कोलमनला पुढे आईवडिलांवर दावा लावावा लागला आणि त्याच मालिकेतली डेना प्लेटो १९९९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी, अमली औषधांच्या अतिसेवनाने गेली. मॅककेलर यांच्या वाट्याला असे काही आले नाही. त्यात नशीब होते तसा घराचा वाटाही होता. आईने शाळेला चित्रीकरणाइतकेच महत्त्व दिले. कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार शाळकरी वयाच्या कलाकाराला चित्रीकरणाच्या दिवशी तीन तास शिक्षकासमोर बसावेच लागते. अनेकांसाठी हे तीन तास कसेबसे उरकायचे असत, पण डॅनिकाने ते मनापासून वापरले.

मालिका संपल्यावर त्यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे युसीएलएत, प्रवेश घेतला. सुरुवातीचा ओढा चित्रपट अभ्यासाकडे होता, पण गणिताचे विषय घेताघेता तेच मुख्य झाले. विद्यापीठाच्या आवारात लोक त्यांना ‘विनी’ म्हणून हाक मारत. एका परीक्षेत वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाल्यावर मात्र एका अनोळखी विद्यार्थ्याने त्यांना ‘सर्वाधिक गुणवाली ती मुलगी’ म्हणून ओळखले, ही आठवण त्यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. १९९८ मध्ये त्यांनी गणितातली पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवली.

त्याच वर्षी त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सहलेखक होते प्राध्यापक लिंकन चेज आणि सहाध्यायी ब्रँडी विन, आणि नियतकालिक होते ‘जर्नल ऑफ फिजिक्स ए’. विषय होता लोहचुंबकीय पदार्थांचे गणिती प्रारूप. ज्युलियस अ‍ॅशकिन आणि एडवर्ड टेलर यांनी १९४३ मध्ये ते मांडले होते. (हा टेलर म्हणजे पुढे हायड्रोजन बॉम्बशी नाव जोडला गेलेला तोच.) चौकटींच्या अनंत जाळीवर प्रत्येक बिंदूला काही ठरावीक अवस्थांपैकी एक अवस्था असते आणि शेजारचे बिंदू एकमेकांसारखे होऊ पाहतात. तापमान जास्त असेल तर सगळा गोंधळ, आणि कमी झाले की एकाच अवस्थेचे मोठमोठे पुंजके तयार होतात. पहिल्या पावसाचे पाणी जमिनीत झिरपताना कधी मध्येच अडते आणि कधी सलग वाट मिळून खोलवर जाते, तसा असा एखादा पुंजका अनंतापर्यंत पसरला तर त्याला ‘पर्कोलेशन’ म्हणतात. या तिघांनी सिद्ध केले ते असे, की द्विमितीय जाळीवरच्या या प्रारूपात एकाहून अधिक समतोल अवस्था तेव्हाच आणि फक्त तेव्हाच संभवतात, जेव्हा कुठल्या तरी एका प्रकारच्या अवस्थेचे पर्कोलेशन होते. तोवर ही गोष्ट पॉट्स नावाच्या दुसऱ्या प्रारूपांपुरतीच माहीत होती. हा निष्कर्ष आता चेज–मॅककेलर–विन प्रमेय म्हणून ओळखला जातो.

या प्रमेयाभोवती वृत्तपत्रांनी बरेच गुलाबी रंग भरले. एका अभिनेत्रीने गणितात क्रांती केली, असे काही झालेले नाही. गणिती भौतिकीच्या एका उपशाखेतला तो नेमका, प्रामाणिक निकाल आहे. मात्र पदवीच्या विद्यार्थिनीने तो मिळवणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तिचे महत्त्व तेवढ्यानेही कमी होत नाही. गंमत म्हणून लोक त्यांचा ‘अर्दोश–बेकन अंक’ही मोजतात. पॉल अर्दोश या गणितज्ञापर्यंत सहलेखनाच्या चार पायऱ्या, केव्हिन बेकन या नटापर्यंत सहअभिनयाच्या दोन, म्हणजे एकूण सहा. दोन्ही साखळ्यांत नाव असलेली माणसे जगात मोजकीच आहेत.

पुढचे शिक्षण घेऊन संशोधक होण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही आणि त्या अभिनयाकडे परतल्या. ‘द वेस्ट विंग’मध्ये एल्सी स्नफिन, ‘हाऊ आय मेट युअर मदर’ आणि ‘द बिग बँग थिअरी’मध्ये पाहुण्या भूमिका, ‘यंग जस्टिस’ या अ‍ॅनिमेशन मालिकेत मिस मार्शनचा आवाज अशी कामे होत राहिली. विनीइतके ठसलेले पात्र पुन्हा मिळाले नाही, आणि हे मान्य करायला हरकत नाही.

गणिताशी संबंध मात्र सुटला नव्हता. २००० साली अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीसमोर त्यांनी गणितातल्या मुलींच्या प्रमाणाविषयी साक्ष दिली. मधल्या शाळेत मुली गणित सोडून देतात ते क्षमतेअभावी नव्हे, तर ‘हे आपले काम नाही’ या समजुतीमुळे, असे त्यांचे म्हणणे होते. ही समजूत काही हवेतून आलेली नव्हती. १९९२ मध्ये बाजारात आलेल्या बोलक्या बार्बी बाहुलीच्या तोंडी ‘गणिताचा तास अवघड असतो’ अशा अर्थाचे वाक्य घातलेले होते आणि निषेध झाल्यावर ते काढावे लागले.

२००७ मध्ये त्यांचे ‘मॅथ डझन्ट सक’ हे पुस्तक निघाले. पाचवी ते आठवीच्या मुलींसाठी अपूर्णांक, टक्केवारी, गुणोत्तर असे विषय त्यात आहेत. नंतर बीजगणितपूर्व अभ्यासासाठी ‘किस माय मॅथ’ (२००८), बीजगणितावर ‘हॉट एक्स’ (२०१०) आणि भूमितीवर ‘गर्ल्स गेट कर्व्ज’ (२०१२) आली. पुस्तके भरपूर खपली, पण वादही झाला. खरेदी, मैत्रिणी, मुलगे, राशिभविष्य अशी किशोरींच्या मासिकांची मांडणी वापरून गणित शिकवणे म्हणजे त्याच जुन्या साच्याला पुन्हा खतपाणी घालणे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. आक्षेपात तथ्य आहे. पण आतले स्पष्टीकरण चोख आहे, पायऱ्या गाळलेल्या नाहीत आणि चूक कुठे होते हे आधीच सांगितलेले आहे. ज्या मुलीने पाठ्यपुस्तक उघडायचेच बंद केले आहे तिच्यासाठी आधी पान उलटवले जाणे महत्त्वाचे, हा त्यामागचा हिशेब पटण्यासारखा आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या गणितसंस्थांच्या संयुक्त मंडळाने त्यांना लोकांपर्यंत गणित पोहोचवण्याबद्दलचे पारितोषिक दिले. हेच पारितोषिक याआधी मार्टिन गार्डनर आणि जॉन अ‍ॅलन पाउलोस यांना मिळाले होते. त्यानंतर ‘गुडनाइट, नंबर्स’ (२०१७) या पुस्तकापासून त्या अगदी लहान मुलांसाठीही लिहू लागल्या.

२०१४ साली त्यांनी ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ या नृत्यस्पर्धेत भाग घेतला. पुढच्या वर्षांत हॉलमार्क वाहिनीचे नाताळावरचे गोड, घरगुती चित्रपट हा त्यांच्या अभिनयाचा मुख्य भाग बनला. ‘क्राउन फॉर ख्रिसमस’ (२०१५) त्यातला सर्वांत लोकप्रिय. नेटफ्लिक्सच्या ‘प्रोजेक्ट एमसी स्क्वेअर’ या मालिकेत, विज्ञानात हुशार असलेल्या मुलींच्या गुप्तहेर पथकाची प्रमुख ‘द क्वेल’ त्यांनी साकारली. मनोरंजन आणि शिक्षण या त्यांच्या दोन वाटा तिथे एकत्र आल्या. २०२१ मध्ये हॉलमार्क सोडून त्यांनी जीएसी फॅमिली या नव्या वाहिनीशी अनेक चित्रपटांचा करार केला. त्याच वर्षी एबीसीने ‘द वंडर इयर्स’ नव्या रूपात आणली. त्यातले कुटुंब अलाबामातले कृष्णवर्णीय असून ती मालिका दोन हंगाम चालली.