हिवाळा आणि परसातील बदके

जो पक्षी आयुष्यभर पाण्यात पोहतो त्याला ओलीची बाधा कसली होणार, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत जितकी स्वाभाविक, तितकीच घातक आहे. तळ्यात पोहणारे बदक आणि ओल्या गवतावर रात्र काढणारे बदक यांच्या स्थितीत फार मोठे अंतर असते. हे अंतर ज्या घराला उमगले, त्या घरची बदके हिवाळ्यातून सुखरूप पार पडतात.

आपल्या देशात बदके पाळण्याची परंपरा बंगाल, आसाम व केरळ या जलसमृद्ध प्रदेशांत मोठी आहे; परंतु थंडीची खरी कसोटी लागते ती काश्मीरच्या खोऱ्यात. तेथील सरोवरांच्या व पाणथळींच्या काठच्या घरांतून बदके पाळली जातात. 21 डिसेंबरच्या सुमारास तेथे ‘चिल्लई कलान’ हा चाळीस दिवसांचा कडक थंडीचा काळ सुरू होतो. त्यामागून वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. 2021 च्या जानेवारीत श्रीनगरचा पारा शून्याखाली 8 अंशांच्याही खाली उतरला होता. अशा दिवसांत काठचे पाणी गोठते. चार-सहा बदकांच्या अंड्यांवर ज्या गृहिणीचा मीठमिरचीचा खर्च निघतो, तिच्या दृष्टीने एक बदक दगावणे ही लहानसहान हानी नव्हे.

निसर्गाने बदकाला थंडीशी झुंजण्याची सामग्री भरपूर दिली आहे. त्याच्या शरीराचे तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस असते. वरची पिसे कौलांप्रमाणे एकमेकांवर बसलेली असतात आणि त्यांच्याखालच्या मऊ लवेत हवा कोंडून राहते. ही कोंडलेली हवा हीच त्याची खरी रजई होय. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल बदक चोचीने पिसांना चोपडते व त्यांची निगा राखते. पायांची रचना तर विशेषच चतुर आहे. पायाकडे जाणारे उष्ण रक्त आणि पायाकडून परतणारे थंड रक्त एकमेकांना लागून वाहते; उष्णतेची देवघेव तेथेच होते, आणि पाऊल गोठू नये इतकीच ऊब खाली पोहोचते.

ही सारी व्यवस्था बिघडते ती रात्रीच्या निवाऱ्यात. चिखलाने आणि विष्ठेने माखलेली पिसे एकमेकांस चिकटतात, त्यांतून ओल आत झिरपते, लव भिजते आणि कोंडलेली हवा निघून जाते. मग खाल्लेले अन्न शरीर तापवण्यातच खर्ची पडते. हिवाळ्यात दिवस लहान झाल्यामुळेही अंडी कमी होतात, हे खरे. परंतु बदक अंगानेही उतरू लागले, तर दोष केवळ ऋतूचा नसतो.

म्हणून निवारा जमिनीपासून थोडा उंच असावा आणि त्यात भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा चांगला वीतभर जाडीचा पसरावा. ओला झालेला थर काढून त्यावर रोज थोडा कोरडा पेंढा टाकावा. एका बदकास तीन-चार चौरस फूट जागा पुरते. वाऱ्याच्या दिशेची भिंत आणि जमिनीलगतच्या फटी बंद कराव्यात. मात्र छपराखालचा झरोका कधीही बुजवू नये. बदकाच्या विष्ठेत पाण्याचा अंश फार असतो, त्यात श्वासाच्या वाफेची भर पडते. झरोका बंद असला, म्हणजे ही वाफ छताला लागून थेंबाथेंबाने खाली गळते आणि अमोनियाचा उग्र वायू पक्ष्यांचे डोळे व फुप्फुसे बिघडवतो. पहाटे दार उघडताच माणसाच्या डोळ्यांना चुरचुर लागली, तर तो निवारा उबदार नव्हे, कोंदट आहे असे समजावे.

काश्मिरी माणूस फिरनच्या आत कांगडी धरून थंडी निभावतो. तीच कांगडी मायेपोटी बदकांच्या खुराड्यात ठेवण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. कोंदट जागेत निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि कोरड्या पेंढ्याला पेट घेण्यास एक ठिणगी पुरते.

पाण्याचे भांडे निवाऱ्याबाहेर ठेवावे. ते इतके खोल हवे की बदकाला नाकपुड्यांसह चोच बुडवता यावी. अन्यथा नाकपुड्या चोंदतात. पाण्यावाचून बदकाला दाणा गिळणे कठीण जाते. म्हणून सायंकाळी दाणापाणी एकत्रच द्यावे आणि मग बदके आत घ्यावीत. सकाळी भांड्यातील बर्फ काढून कोमट पाणी ओतावे. थंडीत मक्याचा दाणा थोडा वाढवावा. परंतु बुरशी लागलेले धान्य किंवा पेंड फुकट मिळाली तरी घेऊ नये. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशीयुक्त भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लेही दगावली; त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाचे पिल्लू या विषाला विलक्षण लवकर बळी पडते.

पिल्लांची काळजी तर वेगळीच. कोंबडीखाली किंवा यंत्रात उबवलेल्या पिल्लाला बदकआईच्या पिसांचा आधार लाभत नाही; पाण्यात उतरताच ते भिजते आणि गारठते. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे 30 अंशांची ऊब लागते. पुढे ती हळूहळू कमी करता येते. नीट पिसे फुटेपर्यंत त्याला पोहू देऊ नये.

या साऱ्या व्यवस्थेला फारसा पैसा लागत नाही. रोज सकाळी पेंढ्यात हात घालून तो कोरडा आहे की नाही हे पाहिले, तर निम्मे काम झाले. दिवसा पाणी आणि रात्री कोरडी गादी, एवढे मिळाले की सत्तर दिवसांचा गारठा सोसून तीच बदके दिवस मोठे होताच पुन्हा अंड्यावर येतात.