छंद प्रकाशाचा, काळजी डोळ्यांची

डॉक्टरांना छंद कोणते असावेत, याचा काही नियम नाही. आपल्या संस्थेतील कुणी सतार वाजवतात, कुणी पहाटे पक्षी पाहायला जातात, कुणी गुलाब फुलवतात. मला छंद जडला तो लेसरचा. दवाखाना आटोपला, जेवणे झाली, की गच्चीवरच्या खोलीत काही आरसे, दोन-तीन भिंगे आणि एक बारीकशी प्रकाशरेषा यांच्या संगतीत माझा तासभर सुखाने जातो. घरची मंडळी त्या खोलीला ‘प्रयोगशाळा’ म्हणतात. त्या शब्दात कौतुक किती आणि उपहास किती, हे मी अद्याप विचारलेले नाही.

इंदूरकराला हा छंद जडावा, यात तसे नवल नाही. थिओडोर मेमन यांनी १९६० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेसर प्रकाश मिळवला. त्यानंतर पाव शतक उलटण्याच्या आतच, १९८४ मध्ये, लेसर आणि कणत्वरक यांच्या संशोधनासाठी अणुऊर्जा विभागाच्या केंद्राची पायाभरणी आपल्या शहरात झाली. आपण ज्याला सवयीने ‘कॅट’ म्हणत आलो, ते हे केंद्र २००५ पासून राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे काम करणाऱ्या अनेकांची मुले माझ्याकडे लसीकरणाला येत. बाळाचे वजन होईपर्यंत बाबांशी लेसरच्या गप्पा होत, आणि त्या गप्पांतूनच मला हे वेड लागले.

माझा आवडता प्रयोग अगदी साधा आहे. लाउडस्पीकरच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बसवायचे, त्यावर नखाएवढा आरसा चिकटवायचा आणि आरशावर लेसरची रेषा सोडायची. गाणे सुरू झाले की रबर थरथरते, आरसा हलतो आणि समोरच्या भिंतीवर प्रकाशाची वेटोळी उमटू लागतात. अमीर खाँसाहेबांचा मारवा मी असा कितीतरी वेळा ‘पाहिला’ आहे. ज्या शहराचे नाव त्यांच्या घराण्याला लाभले, त्या शहरात बसून तो भिंतीवर उमटताना पाहावा, याचा आनंद काही वेगळाच असतो.

प्रारंभी माझ्याकडे व्याख्यानात पडद्यावर खूण दाखवायला वापरतात तसा लाल लेसर होता. २०२० च्या टाळेबंदीत संध्याकाळी रिकाम्या मिळू लागल्या, तेव्हा मी हिरवा मागवला. वेष्टनावर ५ मिलिवॉटची चिठ्ठी होती. प्रकाश मात्र डोळे दिपवणारा होता. मनात शंका आली, पण माझ्या ज्ञानानेच तिचे समाधान केले. मानवी डोळा हिरव्या रंगाला सर्वांत संवेदनशील असतो, म्हणून तो अधिक तेजस्वी भासतो, असे मी स्वतःला समजावले. अर्धवट ज्ञान कसे सोयीने वापरता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

त्या पावसाळ्यातली एक रात्र. खोलीत अंधार, मारवा रंगात आलेला. दमट हवेने आरशाचा गोंद सुटला असावा. आरसा कलला, किरण भिंतीवरच्या आमच्या कुटुंबाच्या तसबिरीच्या काचेवर गेला आणि तेथून परतून थेट माझ्या उजव्या डोळ्यात आला. क्षणाचाच खेळ. डोळा मिटला, पण मिटल्या पापणीआड एक जांभळट ठिपका नेमका दृष्टीच्या मध्यभागी येऊन बसला. मी ज्याकडे पाहीन त्यावरच तो ठिपका! पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर तिचे नाकच दिसेना.

ठिपका दहा-बारा मिनिटांत विरला. भीती मात्र विरली नाही. त्या रात्री मी ‘आम्सलर’ची चौकट छापून काढली. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच-पाच मिलिमीटरची घरे, मधोमध एक ठिपका. वाचनाचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, वीतभराहून थोड्या अधिक अंतरावरून त्या ठिपक्याकडे पाहायचे. रेषा वाकड्या दिसल्या, एखादे घर गायब झाले, तर पीतबिंदूला इजा झाली असे समजायचे. रेषा सरळ होत्या. तरी पहाटेपर्यंत मी ती चौकट किती वेळा पाहिली, ते मला सांगवत नाही. बाळाचा ताप दर दहा मिनिटांनी मोजणाऱ्या आयांना मी रागावतो. त्या रात्री मला त्या आया कळल्या.

दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञ मित्राने बाहुली विस्फारून तपासले, दृष्टिपटलाचे ओसीटी चित्रण केले. सारे ठीक होते. मी सांगितले, “डोळ्यापुढे एक काळा धागा तरंगताना दिसतो.” तो हसून म्हणाला, “अरे, तो धागा लेसरचा नव्हे, वयाचा. काल तू डोळ्याकडे लक्ष दिलेस म्हणून तो दिसला.” मग गंभीर होऊन म्हणाला, “तुझ्या रुग्णांचे एक बरे असते. काही दुखले की रडतात. दृष्टिपटल रडत नाही. त्याला वेदनाच नाही.”

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. लेसरचा समांतर किरण डोळ्यात शिरला की नेत्रभिंग त्याला दृष्टिपटलावर काही मायक्रॉनच्या ठिपक्यात एकवटते. बाहुलीपाशी असलेली तीव्रता तेथे सुमारे एक लाख पट होते. दृश्य प्रकाशात पापणी पाव सेकंदात मिटते, आणि १ मिलिवॉटपर्यंतचा किरण तेवढ्या वेळात सहसा इजा करत नाही. लेसरच्या दुसऱ्या वर्गाची मर्यादा याच हिशेबाने ठरली आहे. पुढे एका अभियंता स्नेह्याने माझा लेसर मोजून दिला. ५ मिलिवॉटची चिठ्ठी असलेले ते यंत्र ६० मिलिवॉटच्या आसपास प्रकाश देत होते! काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्केच प्रकाश परततो, म्हणून माझा डोळा वाचला. तसबिरीऐवजी आरसा असता, तर हा लेख मी वेगळ्या डोळ्याने लिहिला असता.

खरी लाज मला पुढे वाटली. अकाली जन्मलेल्या बालकांच्या दृष्टिपटलावर विकृत रक्तवाहिन्या वाढतात, तेव्हा त्यांची दृष्टी वाचवण्यासाठी आमच्या नवजात अतिदक्षता कक्षात लेसर उपचार होतो. पुष्कळदा तो ५३२ नॅनोमीटरचा, म्हणजे माझ्या खोलीतल्याच रंगाचा असतो. त्या वेळी खिडक्या झाकतात, दारावर सूचना लावतात, परिचारिकेसह सर्वांना नारिंगी चष्मे असतात. बाळाच्या श्वासावर लक्ष ठेवत मीही तो चष्मा घालून उभा असतो. ग्रहण पाहून जळालेली दृष्टिपटले तपासतानाच जर्मन नेत्रतज्ज्ञ मायर-श्विकेराथ यांना प्रकाशाने उपचार करण्याची कल्पना सुचली होती. जाळणारा आणि वाचवणारा प्रकाश एकच. फरक आहे तो शिस्तीचा. रुग्णालयात पाळलेली ती शिस्त मी घरी जिन्याखालीच ठेवून येत होतो.

या अनुभवाचा उपयोग मात्र झाला. दोन वर्षांनी एक आई दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. “फळ्यावरचे दिसत नाही म्हणतो. अभ्यास टाळायचे निमित्त असेल, डॉक्टर.” त्याला डोकेदुखी नव्हती, डोळे लाल नव्हते. पूर्वी मी चष्म्याच्या तपासणीची चिठ्ठी लिहून मोकळा झालो असतो. त्या दिवशी आईला बाहेर बसवून विचारले, “लेसरशी खेळलास का रे?” बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “डॉक्टरकाका, कोण जास्त वेळ बघतो, अशी शर्यत लावली होती. मी जिंकलो.” जत्रेतले खेळणे होते. दोन्ही डोळ्यांच्या पीतबिंदूंवर डाग होते. यावर खात्रीचा उपचार नाही. काही महिन्यांत दृष्टी बरीच सुधारली. तरी बारीक छपाई वाचताना मधले एखादे अक्षर हरवते, असे तो अजून सांगतो.

मिरवणुकांतील लेसरही आता दुर्लक्षून चालणार नाही. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिक आणि पुण्याहून तरुणांच्या दृष्टिपटलांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या, आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी उत्सवात अशा झोतांना बंदी केली. अनंत चतुर्दशीच्या झांक्या रात्रभर पाहणाऱ्या आपल्या शहरानेही याचा विचार करायला हवा.

मी छंद सोडला नाही. पथ्ये मात्र लावून घेतली. हिरवा लेसर कपाटात बंद केला. स्वस्त हिरव्या लेसरचे आणखी एक भय असते. त्यात हिरवा प्रकाश अदृश्य अवरक्त प्रकाशापासून तयार होतो, आणि गाळणी नसेल तर तो अवरक्त भाग बाहेर पडतो. न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही. आता मी मोजून घेतलेला, १ मिलिवॉटहून कमी शक्तीचा लाल लेसर वापरतो. खोलीत दिवा लावतो, कारण ७ मिलिमीटरची बाहुली ३ मिलिमीटरची झाली की आत जाणारा प्रकाश पाचव्या हिश्शाहून कमी होतो. किरण डोळ्यांच्या पातळीवर कधीच ठेवत नाही. घड्याळ, अंगठी काढून ठेवतो. चष्मा त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला असावा लागतो; उन्हाचा गॉगल येथे कुचकामी आहे. आणि चिठ्ठीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

माझ्या डॉक्टर मित्रांना एकच विनंती. एखादे मूल मध्येच अक्षर हरवते म्हणाले, तर त्याला एकांतात, न रागावता, लेसरविषयी विचारा. पालकांना सांगा, की ही वस्तू खेळण्यांत नव्हे, औषधांच्या कुलूपबंद कपाटात ठेवावी.

गच्चीवरच्या खोलीत मारवा अजूनही रंगतो. दिव्याच्या उजेडात भिंतीवरची वेटोळी पूर्वीपेक्षा फिकट दिसतात. तसबीर आता दिवाणखान्यात लावली आहे, आणि तिच्यातले सगळे चेहरे मला नीट दिसतात.