अष्टमीची रात्र केवढ्याला?

गुढीपाडवा तोंडावर आला की जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यालगत राहुट्या पडतात. नावाला राहुट्या, प्रत्यक्षात पत्र्याचे नि कापडाचे गाळे. दर्शनी बाजूला तमाशाच्या फडाचा भलाथोरला फ्लेक्स, त्यावर मालकाचा फेट्यातला फोटो, भोवती नऊवारीतल्या नर्तकी आणि कोपऱ्यात यंदाच्या वगाचं नाव. आत एक टेबल, चार-सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार, भिंतीवर कालनिर्णय. तीसेक फड असे शेजारी शेजारी बसतात, म्हणून या गावाला तमाशापंढरी म्हणायची पद्धत पडली. विकायला ठेवलेली असते ती एकेक रात्र.

गिऱ्हाईक म्हणजे अख्खं गाव. यात्रा कमिटीचे पाच-सात जण जीप करून येतात. पुणे, नगर, नाशिक, सातारा, सोलापूर, कुठकुठून. आधी सगळ्या राहुट्यांसमोरून एक फेरी होते, फ्लेक्स वाचले जातात, मागल्या वर्षी शेजारच्या गावात कोणता फड होता आणि तो कसा पडला याची उजळणी होते. मग कुठेतरी आत शिरायचं.

“या मंडळी, बसा. कोणती तिथी?”

“अष्टमी.”

मॅनेजर डायरी उघडतो आणि मुद्दाम जरा वेळ लावतो. “अष्टमी अवघड आहे दादा. नवमीला या, पन्नास हजार कमी करतो.”

“देव नवमीला हलवू का आता?”

इथे सगळे हसतात, चहा येतो आणि खरी घासाघीस सुरू होते. पोरी किती, वाद्यवृंदात कोण, सोंगाड्या तोच आहे की बदलला, वग नवा की जुना, वाटेत गाडी बंद पडली तर जबाबदारी कुणाची? ठरलं की कागद होतो, इसार दिला जातो, नारळ-सुपारी हातात पडते. ‘सुपारी फुटली’ एवढंच मग गावाकडे फोनवर कळवायचं.

या बाजाराचं सगळं गणित कालनिर्णयावर चालतं. भाव फडाच्या नावावर ठरतो हे खरं, पण त्याहून जास्त तो तिथीवर ठरतो. चैत्र पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती, आणि त्यानंतर आठ दिवसांनी येणारी वद्य अष्टमी या दोन रात्री सगळ्यांत महाग. अष्टमी ही भैरवनाथाची तिथी आणि या पट्ट्यात गावोगाव ग्रामदैवत भैरवनाथच. शेकडो गावांना एकाच रात्री तमाशा हवा, मोठे फड मात्र बोटांवर मोजण्याइतके. अक्षय्य तृतीयेचंही तसंच. अशा रात्रीची सुपारी काही लाखांत जाते, आणि तोच फड चार दिवसांनी मधल्या कोरड्या तिथीला निम्म्यावर यायला तयार असतो. मालकाला ठाऊक असतं की चैत्री पौर्णिमा वर्षातून एकदाच येते आणि ती साठवून ठेवता येत नाही.

गावाचा चैत्रही असाच बांधलेला. गहू-हरभरा घरात आलेला, शेत मोकळं, शाळेच्या परीक्षा संपत आलेल्या, लग्नसराई ऐन भरात. मुंबईला गेलेली माणसं याच दिवसांत परततात. मुंबईचे डबेवाले बहुतेक जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले याच भागातले. दरवर्षी चैत्रात ते पाच-सहा दिवस डब्यांची सेवा रीतसर बंद ठेवतात, कारण गावची यात्रा. ज्यांचा डबा पावसापाण्यातही चुकत नाही असं कौतुक जगभर होतं, त्यांना थांबवायला एक भैरवनाथ पुरतो. मुंबईच्या ऑफिसात त्या आठवड्यात बाहेरचं खाणाऱ्यांना बहुधा कल्पनाही नसते की आपला डबा एका पालखीमागे चालला आहे.

यात्रेचा क्रम ठरलेला. आदल्या दिवशी किंवा पहाटे मांडवडहाळे, म्हणजे देवाच्या मांडवासाठी डहाळ्या भरलेल्या गाड्या वाजतगाजत येतात. मग अभिषेक, नैवेद्य, शेरणी. दुपारी बैलगाड्यांचा घाट: चार बैलांचा गाडा, पुढे पळणारी घोडी, आणि सेकंदाच्या हिशेबावर चाललेली भांडणं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यतींवर बंदी आली आणि घाट ओस पडले. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बंदीच्या वर्षांत यात्रेची दुपार रिकामी पडे आणि मंडळी संध्याकाळीच तमाशाच्या पटांगणात येऊन बसत. रात्री पालखीचा छबिना, शोभेची दारू, आणि मग तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाचीच ‘हजेरी’, तीत नुसती गाणी आणि फर्माईश. दुपारनंतर कुस्त्यांचा हंगामा आणि यात्रा उलगली.

या सगळ्याचा खर्च पट्टीतून निघतो. घरटी ठरावीक रक्कम, चाकरमान्यांकडून जास्त, गावातल्या पुढाऱ्याकडून त्याहून जास्त. लाउडस्पीकरवरून प्रत्येक नाव पुकारलं जातं आणि न दिलेलं नावही गावाला आपोआप कळतं. तमाशाला तिकीट नसतं, कारण तो गावाने घाऊक विकत घेतलेला असतो. याचं महत्त्व आपण शहरात बसून कमी लेखतो असं मला वाटतं. तमाशा ‘वाचवण्या’च्या परिसंवादांत अनुदान, पुरस्कार, संग्रहालय यांची चर्चा होते, पट्टीची होत नाही. तंबू ठोकून तिकिटावर खेळ लावणं आज बहुतेक फडांना परवडत नाही. ते धाडस दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत होतं, अनेकदा तोट्यात. तो तोटा भरून निघतो चैत्र-वैशाखाच्या दीड महिन्यात, पट्टीच्या पैशावर. राज्यातल्या सर्वांत जुन्या धंदेवाईक रंगभूमींपैकी एक आजही प्रेक्षकांच्याच खिशावर उभी आहे, हे नाटकवाल्यांनी एकदा मोजून पाहावं.

रात्री पटांगणात काय चालतं? ढोलकी फडाचा बाज वेगळा, संगीत बारीचा वेगळा. बारी थिएटरात, बैठकीची, लावणीप्रधान. यात्रेत येतो तो ढोलकी फड. साठ-सत्तर माणसं, दोन-तीन ट्रक, स्वतःचा रंगमंच, स्वतःचा जनरेटर. संध्याकाळी ट्रक लागले की तासा-दोन तासांत फळ्या, लोखंडी घोडे, पडदे, दिवे उभे राहतात. मागच्या कनातीत पत्र्याच्या पेट्यांवर आरसे टेकवून रंगरंगोटी चालते. एका बाजूला हलगीवाला वर्तमानपत्राचे कागद पेटवून त्या जाळावर हलगी फिरवत असतो. चामडं तापलं की बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा शेकायचं. उन्हाळ्यातही रात्रीच्या दवाने कातडं उतरतं, म्हणून हा उद्योग मध्यरात्रीपर्यंत दोन-तीनदा करावा लागतो. ढोलकीवाला तिकडे एका कडेला बसून चाटी सुराला लावतो, आणि बाकी कुणी त्याच्याशी बोलत नाही.

मग गण, गौळण, मावशी आणि पेंद्याची खेचाखेची, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. वग म्हणजे पूर्ण नाटक: दरोडेखोराचं, ऐतिहासिक, नाहीतर हुंडा-सावकारीवरचं. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’मधल्या हवालदारांच्या जोडीवर महाराष्ट्र वर्षानुवर्षं हसवला. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांच्या वगांना लोक गाड्या जुंपून जात. नारायणगावचं नाव ज्यांनी फडासोबत सगळीकडे नेलं त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. वडिलांचं नाव जातीसकट फलकावर मिरवणारा तो फड. महार, मांग, कोल्हाटी समाजांनी जगवलेली ही कला, आणि ज्या गावांनी ती डोक्यावर घेतली त्याच गावांनी या कलावंतांना राहायला वेशीबाहेरची जागा दिली, हे विसरून तमाशाचं कौतुक करता येत नाही. ऐन खेळात पडद्यामागे बाळंत होऊन विठाबाई पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत प्रत्येक राहुटीत ऐकायला मिळते. 1957 आणि 1990 असा दोनदा त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. शेवटची वर्षं मात्र हलाखीत गेली आणि 2002 साली त्या वारल्या. आता राज्य शासनाचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

आज वगालाच सर्वांत जास्त कात्री लागते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले मोजके 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. छबिना आटोपून तमाशा उभा राहायलाच दहा वाजतात. मग कमिटी ठाण्यात ओळखी काढते, हवालदार येऊन घड्याळ दाखवतो, आणि मॅनेजर आत जाऊन ‘वग आवरा’ म्हणतो. त्यात प्रत्येक गाण्यामागे “अमुक दादांकडून पाचशे रुपये” हे पुकारणं, आणि सिनेमातल्या गाण्यांची फर्माईश. पहाटेपर्यंत चालणारा वग तासाभरावर येतो, कधी नुसता दोन प्रवेशांचा उरतो. जुने मालक यावर चिडतात. तरुण मालक म्हणतात, गावाला जे हवं ते द्यावं लागतं. दोघांचंही खरं आहे, पण गाणी ऑर्केस्ट्रावालाही देतो आणि स्वस्तात देतो. फडाकडे त्याच्याहून वेगळं असं वगच आहे.

हा डोलारा किती थोड्या रात्रींवर तोलला आहे ते 2020 साली दिसलं. देशभराच्या टाळेबंदीचा पहिला दिवस, 25 मार्च, हाच त्या वर्षीचा गुढीपाडवा होता. यात्रा रद्द, घेतलेले इसार अडकलेले, आणि पुढच्या चैत्रात पुन्हा तेच. कुणी ट्रक विकले, कुणी भाजीची गाडी लावली. एरवीही वळिवाची एक सर रात्र धुऊन नेते, आणि मग पैसे पूर्ण द्यायचे की अर्धे यावर गाव आणि फड यांच्यात चावडीवर बैठक बसते.

बुद्धपौर्णिमेला हंगाम संपतो. सावकाराचं व्याज, डिझेल, पगार चुकवले की मालकाच्या हातात काय उरलं ते कळतं, आणि लगेच ते जायलाही लागतं. कारण कलावंत वर्षाच्या बोलीवर असतात आणि बोली पक्की होते ती उचलीने. चैत्रात राहुटीत बसून गावांना भाव सांगणारा मालक ज्येष्ठात ढोलकीवाल्याच्या ओसरीवर बसलेला असतो. पोरीचं लग्न आहे, घराचं छप्पर काढायचंय, यंदा उचल जास्त हवी. दुसऱ्या फडाचा माणूस काल येऊन गेला, असंही ढोलकीवाला सहज सांगून टाकतो. मालक मोबाईल काढतो, दसऱ्यापर्यंतचे महिने मोजतो आणि विचारतो, “बोला, किती?”