कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ बदलायची का? स्वस्तातली रोजची झूम लेन्स निवडताना एवढं बघा

नवा कॅमेरा आला की पहिले काही महिने मजेत जातात. मग यूट्यूबवर कुणीतरी सांगतो, ‘किट लेन्स काढून ठेव, खरी लेन्स घे.’ चौकशी करायला जावं तर त्या ‘खऱ्या’ लेन्सची किंमत जवळपास कॅमेऱ्याएवढीच. मग प्रश्न पडतो, एवढे पैसे घालून नक्की काय मिळणार? आणि त्यापेक्षा कमी पैशात काम भागणार नाही का?

तर सुरुवात करू लेन्सवर छापलेल्या आकड्यांपासून.

१८-५५ आणि ३.५-५.६ म्हणजे काय?

पहिली जोडी फोकल लेंथची. १८ एमएमला फ्रेममध्ये जास्त जागा मावते, म्हणजे अख्खी खोली, देवळाचा सभामंडप, ग्रुप फोटो. ५५ एमएमला समोरचा माणूस जवळ येतो, म्हणून चेहऱ्यासाठी हे टोक बरं. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असतो. त्यामुळे निकॉनवर हा आकडा दीडपट आणि कॅननवर १.६ पट धरायचा. म्हणजे निकॉनवरची १८-५५ ही फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण २७-८२ एमएमसारखी दिसते. घर, प्रवास, कार्यक्रम या सगळ्याला पुरेल अशी ही रेंज आहे.

दुसरी जोडी अपर्चरची. लेन्स जास्तीत जास्त किती उघडते ते हा आकडा सांगतो, आणि आकडा जेवढा लहान तेवढा प्रकाश जास्त. ३.५-५.६ याचा अर्थ १८ एमएमला ती एफ ३.५ पर्यंत उघडते, पण झूम करत ५५ ला गेलात की एफ ५.६ वरच थांबते. किट लेन्सची खरी मर्यादा इथे आहे.

मग किट लेन्स वाईट आहे का?

नाही. दिवसाच्या उजेडात एफ ८ वर काढलेला डोंगराचा फोटो किट लेन्सचा की महागड्या लेन्सचा, हे इन्स्टाग्रामवर भलेभले ओळखू शकणार नाहीत. शिवाय ती हलकी असते. कॅननची १८-५५ आयएस एसटीएम जेमतेम २०५ ग्रॅमची आहे. फोटो हलू नये म्हणून स्टॅबिलायझेशनही त्यात असतं.

अडचण येते ती घरात आणि हॉलमध्ये. समजा हळदीचा कार्यक्रम आहे, उजेड बेताचा आहे आणि तुम्ही ५० एमएमला झूम केलंय. एफ ५.६ वर आयएसओ ३२०० ठेवूनही शटर १/६० च्या आसपास अडकलंय. हळद लावणारा हात हलतो आणि फोटोत त्याची नुसती रेघ उमटते. स्टॅबिलायझेशन इथे कामाला येत नाही, कारण ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही.

त्याच जागी एफ २.८ ची लेन्स असेल तर चौपट प्रकाश मिळतो. मग शटर १/२५० पर्यंत नेता येतं, किंवा आयएसओ ८०० वर आणता येतो.

मात्र हा चौपट फायदा ५५ च्या टोकाला आहे. १८ च्या टोकाला एफ ३.५ वरून २.८ वर आलात तर प्रकाश साधारण दीडपटच वाढतो. म्हणजे तुमचे बहुतेक फोटो रुंद फ्रेमचे असतील, तर महागड्या लेन्सचा मोठा भाग तुम्ही वापरणारच नाही.

खर्च करण्याआधी स्वतःचे फोटो तपासा

प्रत्येक डिजिटल फोटोत तो किती एमएमवर, कोणत्या अपर्चरवर आणि किती आयएसओवर काढला याची नोंद असते. कॉम्प्युटरवर फोटोच्या माहितीत ती दिसते. तुम्हाला स्वतःला आवडलेले शंभर फोटो निवडा आणि एवढंच मोजा:

- ५५ वर अडकलेले किती? जास्त असतील तर तुम्हाला लांबचं टोक हवंय.
- आयएसओ १६०० च्या वरचे किंवा हललेले किती? जास्त असतील तर मोठं अपर्चर हवंय.
- दोन्ही कमी असतील तर आहे ती लेन्स पुरेशी आहे. पैसे प्रवासावर खर्च करा.

आता पर्याय बघू

*१. एफ २.८ ची झूम.* टॅमरॉनची १७-५० आणि सिग्माची १७-५० या डीएसएलआरसाठीच्या जुन्या, नावाजलेल्या लेन्स. कॅमेरा कंपन्यांच्या स्वतःच्या अशाच लेन्सपेक्षा त्या बऱ्याच स्वस्तात मिळत आल्या आहेत. सोनी ई किंवा फुजीचा मिररलेस कॅमेरा असेल तर सिग्माची १८-५० एफ २.८ बघा. सोनीसाठीची ही लेन्स २९० ग्रॅमची आहे. घरातले कार्यक्रम आणि लहान मुलं यासाठी हा पर्याय सर्वांत उपयोगी.

*२. लांब झूम.* कॅननची १८-१३५, निकॉनची १८-१४०. ट्रेकला किंवा सहलीला एकच लेन्स न्यायची असेल तर सोयीची. पण अपर्चर किटसारखंच असल्यामुळे अंधारात तीच अडचण येते.

*३. किट ठेवा, सोबत एक प्राइम घ्या.* ५० एमएम किंवा ३५ एमएम एफ १.८. झूम होत नाही, पण एफ ५.६ च्या तुलनेत जवळपास दहापट प्रकाश देते आणि एफ २.८ च्या झूमपेक्षा बरीच स्वस्त असते. लहान सेन्सरवर ५० एमएम घरात जरा जवळची वाटते, म्हणून खोली लहान असेल तर ३५ बरी. बजेट अगदी कमी असेल तर सुरुवात इथून करा.

माऊंट आणि मोटर: इथे लोक फसतात

‘निकॉनची लेन्स आहे, निकॉनला चालेलच’ असं धरून चालू नका. निकॉनच्या डी ३४००, डी ५६०० यांसारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. टॅमरॉनच्या १७-५० च्या निकॉनसाठीच्या सुरुवातीच्या आवृत्तीत ती नव्हती, नंतरच्या आवृत्तीत आली. सेकंड हँड बाजारात दोन्ही दिसतात. चुकीची घेतली तर प्रत्येक फोटोला हाताने फोकस करत बसावं लागेल. उलट, निकॉनच्या नव्या एएफ-पी लेन्स डी ९० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच होत नाहीत.

कॅननमध्ये ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. आरएफ माऊंटच्या मिररलेसवर ती ॲडॉप्टर लावून चालते, तेव्हा ॲडॉप्टरचा खर्चही हिशेबात धरा.

सेकंड हँड घेताना

पैसे वाचवायचे तर हा चांगला मार्ग आहे. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बझारसारख्या भागात समोर बसून, स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून लेन्स तपासता येते. तपासताना:

- मोबाइलचा टॉर्च एका बाजूने टाकून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, अशी लेन्स घेऊ नका. बारीक धूळ चालते.
- दोन्ही टोकांना, जवळ आणि दूर, ऑटोफोकस करून बघा.
- सपाट भिंतीचा किंवा वर्तमानपत्राचा फोटो काढा. एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर आली तर आतल्या काचा सरकलेल्या असू शकतात.
- झूमची रिंग फिरवताना कुठे अडकते का बघा.

लेन्स घेतल्यावर आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार करा. कोकणात आणि मुंबईत बॅगेत बंद पडलेल्या लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढ्यावर भागतं. मात्र जेल वेळोवेळी वाळवायला किंवा बदलायला हवं.

थोडक्यात सांगायचं तर घरात माणसांचे फोटो जास्त काढत असाल तर एफ २.८ ची झूम, फिरायला जास्त जात असाल तर लांब झूम आणि खिसा हलका असेल तर किटसोबत एक प्राइम. पण यातलं काहीही विकत घेण्याआधी ते शंभर फोटो मोजा. त्याला एक रुपयाही लागत नाही, आणि कोणती लेन्स हवी याचं निम्मं उत्तर त्यातच मिळतं.