‘मे’ म्हणजे मे महिना नव्हे!

“ताई, हा मेसेज जुना आहे का हो? जुलै चाललाय आणि ह्यात ‘मे’ कशाला लिहिलंय?”

आमच्या गुरुवारच्या इंग्रजी वर्गात एका वहिनीने मोबाइल पुढे केला आणि विचारलं. ‘लँडस्लाइड्स मे ऑकर इन हिली एरियाज’ असं त्यात होतं. मुंबईतल्या मुलाने पुढे पाठवलेला मेसेज. वर्गात हशा पिकला. खरं सांगते, मीसुद्धा हसले. मग लक्षात आलं की ह्या वहिनी तळीयेच्या बाजूच्या वाडीतल्या. आणि हसू जिथल्या तिथे विरलं.

मैत्रिणींनो, तळीये हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी आमच्या महाड तालुक्यातल्या ह्या गावी कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ह्या गावांनी हेच भोगलं होतं. तिथल्या लोकांना इंग्रजी येत असतं तर ती वाचली असती, असं मी मुळीच म्हणणार नाही. कोसळणारा डोंगर कुणाची भाषा विचारत नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे पावसाचा मेसेज आला की बायका तो वाचतात. त्यातलं कळलं नाही की जीव खालीवर होतो. म्हणून वहिनींचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता.

तसा आमचा वर्ग सुरू झाला तो मुलांच्या अभ्यासापायी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून आलं. मुलं शाळेतून इंग्रजी घेऊन घरी येतात आणि आई मात्र पुस्तक उघडायला बिचकते. मी बी.ए. झाले तेही मराठी घेऊन, तेव्हा माझंही इंग्रजी काही फाडफाड नाही. पण बचत गटाच्या बैठकीनंतर तासभर बसायचं ठरलं आणि आम्ही चौदा जणी शिकायला लागलो.

लवकरच एक गंमत कळली. आम्हाला मोठे शब्द अडवतच नाहीत! हॉस्पिटल, सर्टिफिकेट, ऑपरेशन, इन्शुरन्स हे सगळं आपण रोज बोलतो. अडतं ते चिमुकल्या शब्दांपाशी. मे, मस्ट, फ्यू, बाय, सिन्स. आणि वाक्याचा जीव नेमका ह्यांच्यातच असतो.

त्या दिवशी मी फळ्यावर आपली मराठी वाक्यं लिहिली. “डॉक्टरकडे जायलाच हवं.” “डॉक्टरकडे जावं.” “डॉक्टरकडे जाऊ शकतेस.” “डॉक्टरकडे जाईनही कदाचित.” चारही वाक्यांत जाणं आहे, पण एकाचा जोर दुसऱ्याला नाही. सुनेला कुठलं वाक्य म्हणायचं आणि सासूबाईंना कुठलं, हे आपल्याला कुणी शिकवलं का? इंग्रजीत हेच काम मस्ट, शुड, कॅन आणि मे करतात. आपण क्रियापदाचं शेपूट बदलतो, ते पुढे एक छोटा शब्द ठेवतात. त्याच्यामागे क्रियापद साधंच येतं. ‘शी मस्ट गो’. ‘मस्ट टू गो’ नाही आणि ‘मस्ट गोज’ही नाही.

एक जागा मात्र निसरडी आहे. ‘मस्ट’ म्हणजे ‘लागेल’, मग ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘लागणार नाही, गरज नाही’ असं आम्ही सगळ्याच धरून चाललो होतो. पण तसं नाही! ‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्त मनाई. गरज नाही म्हणायचं तर ‘डोन्ट हॅव टू’. “ही गोळी घ्यायची गरज नाही” आणि “ही गोळी घ्यायची नाही” ह्यात किती फरक आहे, ते घरात आजारी माणूस असलेल्या बाईला सांगायला नको.

मोजण्याच्या शब्दांचा धडा आम्ही स्वयंपाकघरातच घेतला. किती भाकऱ्या? किती पीठ? आपलं एकच ‘किती’ दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत भाकऱ्या मोजता येतात म्हणून ‘हाऊ मेनी’, पीठ मोजता येत नाही म्हणून ‘हाऊ मच’. इथवर सगळ्यांना पटलं. पण तांदूळ आले आणि भांडण झालं! आपण तांदूळ निवडतो, तांदूळ धुतो, ते अनेकच. इंग्रजीत मात्र राइस मोजत नाहीत, म्हणून ‘हाऊ मच राइस’. पैशांचंही तसंच. आपण पैसे मोजतो, पण इंग्रजी म्हणतं ‘हाऊ मच मनी’. आणि रुपये म्हटले की लगेच ‘हाऊ मेनी रुपीज’! एक काकी म्हणाल्या, “म्हणजे पैसे मोजायचे नाहीत, रुपये मोजायचे. बरंय!”

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ मधला फरकही आपल्याकडे तयारच आहे. “बायका थोड्याच आल्या” म्हटलं की कपाळाला आठी. “थोड्या तरी आल्या” म्हटलं की समाधान. पहिलं ‘फ्यू’, दुसरं ‘अ फ्यू’. आपला ‘च’ आणि ‘तरी’ जे करतात, ते तिथे एक एवढासा ‘अ’ करतो.

नात्याच्या शब्दांचं उलट आहे. आपण ‘वर’, ‘खाली’, ‘पर्यंत’ मागे जोडतो, ते आधी लावतात. ते सवयीने जमतं. खरी फसगत होते ती आपला एक शब्द त्यांच्या दोन शब्दांचं काम करतो तिथे. “शुक्रवारपर्यंत फॉर्म द्या” आणि “शुक्रवारपर्यंत पाऊस राहील”. आपल्याला दोन्हीकडे ‘पर्यंत’. इंग्रजीत फॉर्मला ‘बाय फ्रायडे’, कारण तो त्याआधी कधीही दिला तरी चालतो. पावसाला ‘अंटिल फ्रायडे’, कारण तो तोवर चालूच राहणार. ‘पासून’चंही तसंच. “२०१० पासून” म्हणजे ‘सिन्स’, पण “दोन वर्षांपासून” म्हणजे ‘फॉर टू इयर्स’. ‘सिन्स टू इयर्स’ तर आपल्याकडे शिकलेली माणसंही सर्रास म्हणतात.

हे सगळं झाल्यावर आम्ही पुन्हा पावसाच्या मेसेजकडे वळलो. हवामान खात्याच्या भाषेत हे छोटे शब्द अगदी तोलून वापरलेले असतात. ‘आयसोलेटेड प्लेसेस’ म्हणजे भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस, ‘अ फ्यू प्लेसेस’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘मेनी प्लेसेस’ म्हणजे पाऊणपर्यंत आणि ‘मोस्ट प्लेसेस’ म्हणजे त्याहून जास्त. ‘एक्स्ट्रीमली हेवी’ म्हणजे २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर. आता ‘एक्स्ट्रीमली हेवी रेनफॉल अ‍ॅट आयसोलेटेड प्लेसेस’ असं आलं तर? मराठीत तेच ‘तुरळक ठिकाणी’ म्हणून येतं. एक मावशी म्हणाल्या, “तुरळक ना? मग काही नाही.” इथेच चुकतं! तुरळक आहेत ती ठिकाणं, पाऊस तुरळक नाही. जिथे पडेल तिथे धो धो पडेल. आणि त्या थोड्या ठिकाणांत आपली वाडी नसेलच, हे कुणी सांगावं?

आणि वहिनींचा ‘मे’? दरड येईलच असं तो म्हणत नाही, येणार नाही असंही म्हणत नाही. येऊ शकते, एवढंच. आपल्याला ‘शकते’ फार हलकं वाटतं. रोजच्या बोलण्यात “बघू, जमलं तर” तसं. पण डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईने ‘मे’ वाचला की पुढचं वाक्य तिनेच पुरं करायचं असतं. रेड अलर्टच्या सोबत तर ‘टेक अ‍ॅक्शन’ असंच असतं, म्हणजे आता वाट बघायची नाही.

पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांना एकेक वाक्य स्वतः करून आणायला सांगितलं. कुणी मुलाच्या शाळेवर केलं, कुणी दुधाच्या हिशेबावर. वहिनींनी वहीत लिहिलं होतं, ‘इट मे फॉल. वी मस्ट गो डाउन बिफोर नाइट.’ कोसळू शकतं. रात्र व्हायच्या आत आपल्याला खाली जायलाच हवं. मी चुका शोधायला पेन हातात घेतलं होतं, ते तसंच खाली ठेवलं. एकही चूक नव्हती.

तुम्हीही करून बघा. जाडजूड व्याकरणाचं पुस्तक राहू द्या बाजूला. दिवसभरात आपल्या तोंडून गेलेलं एकच वाक्य घ्या, “दूध आणायलाच हवं,” “थोडीच साखर उरलीय,” “संध्याकाळपर्यंत ये”. त्यातला तो छोटा शब्द इंग्रजीत काय होतो, ते मुलांना विचारा. त्यांनाही आईला शिकवायला आवडतं. आणि मेसेज कळला नाही तर विचारायला लाजू नका. आमच्या वर्गात त्या दिवशी सगळ्यात चांगला प्रश्न वहिनींनीच विचारला होता.