हुकूमशहाला भीती स्वपक्षाचीच!

राजूर कॉलरीच्या चौकात चहा पिताना खाणीतून निवृत्त झालेल्या एका बुजुर्ग कामगाराने मला अचानक विचारले, "वकीलसाहेब, नाईकसाहेबाले काहून काढलं होतं जी?" प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीचा. वणीच्या कोर्टात रोज उलटतपासणी घेणारा मी, पण मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

नाईकसाहेब म्हणजे आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातले, पुसदचे वसंतराव नाईक. डिसेंबर १९६३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसने विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. एवढे बहुमत असताना फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. सभागृहाने नाईकांवर अविश्वास दाखवला नव्हता, मतदारांनीही नाकारले नव्हते. निर्णय दिल्लीत झाला, मुंबईत आमदारांनी फक्त माना डोलावल्या. नाईकांची वकिली करण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्याच राजवटीत बावडा आणि ब्राह्मणगावची प्रकरणे घडली, त्यांच्याच काळात १९७२ साली दलित पँथरला रस्त्यावर उतरावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. प्रश्न त्यांच्या गुणदोषांचा नाही. अकरा वर्षे राज्य करणारा मुख्यमंत्री एका इशाऱ्यावर का जातो, हा आहे.

हुकूमशहा विरोधी पक्षाला संपवतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण विरोधक तुरुंगात गेले म्हणून त्याला झोप येत नाही. त्याला खुर्चीवरून खेचू शकणारा माणूस त्याच्याच पक्षाच्या बैठकीत शेजारी बसलेला असतो! हिटलरने कम्युनिस्ट पक्ष, कामगार संघटना १९३३ मध्येच मोडून काढल्या होत्या. त्यानंतर ३० जून १९३४ पासूनच्या तीन दिवसांत गोळ्या कुणाला घातल्या? पक्षाची खासगी फौज वाढवणाऱ्या अर्न्स्ट र्‍होमला, पक्षाची संघटना बांधणाऱ्या ग्रेगर स्ट्रासरला. आणि वकील म्हणून मला जास्त अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. ३ जुलैला मंत्रिमंडळाने एका कलमाचा कायदा केला की, या तीन दिवसांत जे झाले ते राज्याच्या बचावासाठी असल्याने कायदेशीरच आहे. आधी खून, मग कायदा! स्टालिनने तर १९३४ च्या पक्ष अधिवेशनात निवडलेल्या मध्यवर्ती समितीच्या १३९ सदस्य व उमेदवार सदस्यांपैकी ९८ जण पुढे संपवले. हा आकडा शत्रूने काढलेला नाही, १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने पक्षाच्याच अधिवेशनात सांगितलेला आहे.

आपल्याकडे गोळ्या झाडल्या गेल्या नाहीत. आपल्याकडे खाती काढून घेतली गेली. जुलै १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढले आणि तीनच दिवसांत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. गरीब माणूस खूश झाला. का होऊ नये? सिंडिकेटचे पुढारी काही बहुजनांचे कैवारी नव्हते. नोव्हेंबरमध्ये त्यांनीच इंदिराजींना पक्षातून काढले, पक्ष फुटला, आणि पुढे काय झाले ते जगजाहीर आहे. पण गोम इथेच आहे. ज्यांचा पहिला बळी जातो ते आपल्याला आवडणारे नसतात, म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पुढे यशवंतराव चव्हाणांचे गृहखाते १९७० मध्ये गेले, ते अर्थखात्यावर बसवले गेले. तेव्हा टाळी वाजली नाही, पण आवाजही निघाला नाही.

दरम्यान खरे काम मुकाट्याने चालले होते. १९७२ नंतर काँग्रेसमध्ये संघटनात्मक निवडणुका झाल्या त्या थेट १९९१-९२ मध्ये. वीस वर्षे! जिल्हाध्यक्ष नेमलेला, प्रदेशाध्यक्ष नेमलेला, मुख्यमंत्रीही नेमलेला. निवडून आलेला माणूस भांडू शकतो, कारण त्याच्यामागे मते असतात. नेमलेल्याच्या मागे फक्त नेमणारा असतो.

म्हणूनच २ मार्च १९७५ रोजी पुण्याचे खासदार मोहन धारिया यांना मंत्रिमंडळातून काढले तेव्हा पक्ष हलला नाही. त्यांचा गुन्हा काय, तर जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा म्हणाले! आणीबाणीत तेही तुरुंगात गेले. चंद्रशेखर तर पक्षाच्या कार्यकारिणीचे सदस्य असतानाच मिसाखाली पकडले गेले. अध्यक्ष देवकांत बरुआ 'इंदिरा म्हणजेच इंडिया' म्हणत होते. बाबू जगजीवनराम यांना आंबेडकरी चळवळीने कधी आपले मानले नाही, तरी त्यांचे जे केले गेले ते पाहण्यासारखे आहे. १२ जून १९७५ च्या अलाहाबाद निकालानंतर पंतप्रधानपदासाठी त्यांचे नाव घेतले जात होते. त्याच बाबूजींच्या तोंडून २१ जुलैला लोकसभेत आणीबाणीच्या मंजुरीचा ठराव मांडवून घेतला गेला. प्रतिस्पर्ध्याला तुरुंगात टाकण्यापेक्षा हे स्वस्त पडते. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते बाहेर पडले, पण तेव्हा निवडणूक जाहीर झालेली होती.

राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. आपण ते भाषण दरवर्षी वाचतो आणि बोट दुसऱ्या पक्षांकडे दाखवतो.

कायद्याने तरी काय केले? १९८५ च्या दहाव्या अनुसूचीने 'आयाराम गयाराम' थांबवायचे होते. थांबले नाहीत, ते महाराष्ट्राने २०२२ मध्ये पाहिलेच. मात्र व्हिप मोडणाऱ्या आमदाराची आमदारकी जाऊ शकते, त्यामुळे सभागृहात श्रेष्ठींविरुद्ध हात वर करणारा प्रामाणिक माणूसही त्यातच अडकतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार प्रत्येक पक्ष नोंदणीच्या वेळी लोकशाहीवर निष्ठा लिहून देतो. ती मोडली म्हणून नोंदणी रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार निवडणूक आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले. शिवसेनेच्या वादात फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने पक्षाची २०१८ ची घटनादुरुस्ती लोकशाहीविरोधी ठरवली खरी, पण पक्ष फुटून दोन गट दारात आल्यावर! तोवर तो कागद कपाटात सुखाने पडून होता.

हे सगळे मी त्या बुजुर्गाला पुढच्या रविवारी सांगितले. त्याने शांतपणे ऐकले, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बरोबर हाये. पण तुमच्या तालुका कमिटीची निवडणूक कधी झाली होती जी?"

घरी येऊन दप्तर काढले. त्यात निवडणुकीचे इतिवृत्त सापडले नाही. सापडले ते नेमणुकीचे पत्र, वर नेत्याचा फोटो, खाली सही, आणि माझे नाव.