इष्टापत्ती की दुधारी शस्त्र? काही इंग्रजी वाक्प्रचार आणि आपली मराठी

आपली मुले शाळेत इंग्रजी आणि हिंदी शिकतात, मराठी घरी ऐकतात. पुस्तकात इंग्रजी वाक्प्रचार आला की त्याचा अर्थ हिंदीतून कळतो आणि मराठीत काय म्हणायचे ते विचारायचे राहूनच जाते. म्हणून बऱ्या-वाईट अशा दोन्ही बाजू असलेल्या गोष्टींसाठीचे पाच वाक्प्रचार येथे देत आहोत. ते एकसारखे वाटतात, पण एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

मिक्स्ड ब्लेसिंग : लाभ खरा, पण सोबत तोटाही. उदाहरण आपल्या मुरारचेच घ्या. ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी इंग्रजांकडे होती. 1886 मध्ये दोन्ही शिंद्यांना परत मिळाली, पण बदल्यात झाशी द्यावी लागली. मराठीत ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ ही म्हण जवळची आहे. मात्र तिचा रोख लाभापायी त्रास सोसणाऱ्यावर असतो.

ब्लेसिंग इन डिसगाइज : येथे क्रम महत्त्वाचा. आधी संकट वाटते, पुढे तेच हिताचे ठरते. यासाठी आपल्याकडे एकच नेमका शब्द आहे, इष्टापत्ती. हवी असलेली बदली रद्द झाली आणि त्यामुळेच आईच्या आजारपणात घरी राहता आले, तर ती इष्टापत्ती.

डबल-एज्ड स्वोर्ड : म्हणजे दुधारी शस्त्र. ज्या गुणाने फायदा होतो, त्याच गुणाने नुकसानही होते. व्हॉट्सॲपवर निरोप क्षणात पोहोचतो, अफवाही तितक्याच वेगाने. मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी : दुधारी म्हणजे दोन धारांची. हिंदीतल्या ‘दुधारू’ गायीशी तिचे काही नाते नाही.

सिल्व्हर लायनिंग : मिल्टनच्या 1634 मधील ‘कोमस’ या काव्यनाट्यातल्या ढगाच्या रुपेरी किनारीवरून हा आला. अर्थ, वाईट प्रसंगातही आशेची जागा. ‘काळ्या ढगाची रुपेरी कडा’ असे भाषांतर मराठीत रुळले आहे. पण जूनच्या उन्हात भाजून निघालेल्या ग्वाल्हेरकराला काळा ढग दिसला तर मुळात आनंदच होतो! ‘त्यातल्या त्यात बरे’ असे आपण सहज म्हणतो, तेच येथे जास्त शोभते.

बिटरस्वीट : कडूगोड. याचा अर्थ सांगायला शब्दकोश नको. गुढीपाडव्याला कडुलिंबाची पाने गुळासोबत खाल्ली की जिभेलाच तो कळतो. मुलीची पाठवणी करताना घरात जे वाटते, ते हेच.

आता प्रश्न आपल्याच घराचा. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी येथे लष्कर वसवले. तेव्हापासून मराठी माणूस या भागात रुजला आहे. मुले तीन भाषांत सहज वावरतात, पण त्याच सहजपणामुळे मराठी शब्द अडला की हिंदी शब्द लगेच पुढे होतो. आम्हाला तरी हे दुधारी शस्त्रच वाटते. म्हणून एक विनंती : आज जेवताना मुलांना ‘इष्टापत्ती’चे एखादे उदाहरण विचारा. त्यांना सुचले नाही, तर आजी-आजोबांनी आपल्या आयुष्यातले सांगावे.